ब्रदर मारी-व्हिक्टोरिन : वनस्पतिशास्त्राचे व्रतस्थ उपासक

महोत्सवाच्या प्रसंगीं धर्मग्रामाचा इतिहास लिहावयास बसलें म्हणजे प्रथम आठवतात ते आपले धर्मगुरु. देऊळ कोणीं बांधविलें, घंटा कोणीं आणविली, कोणत्या फादरांच्या कारकीर्दींत शाळा निघाली, हें सारें आपण क्रमवार लिहून ठेवितों. आणि तें योग्यच आहे. परंतु ज्यांनीं कधीं वेदीपाशीं उभें राहून मिस्सा अर्पण केली नाहीं, ज्यांच्या नांवाची शिळा कोठें बसली नाहीं, आणि ज्यांनीं आयुष्यभर फळ्यापुढें उभें राहून लोकांच्या मुलांस शहाणें केलें, ते ब्रदर लोक अशा यादींतून बहुधा सुटतात. ती उणीव थोडी तरी भरून निघावी, या हेतूनें अशाच एका ब्रदरांचें चरित्र आम्ही येथें सादर करीत आहों. ते आपल्या देशाचे नव्हत. त्यांची कर्मभूमि समुद्रापलीकडे, कॅनडांतील क्वेबेक प्रांतांत होती. तरी त्यांच्या चरित्रांत आपणांस घेण्यासारखें पुष्कळ आहे, असें आम्हांस वाटतें.

प्रथम ब्रदर म्हणजे कोण हें नीट ध्यानांत घेतलें पाहिजे. फ्रान्समधील रँस शहरीं संत जॉन बाप्टिस्ट द ला साल यांनीं १६८० च्या सुमारास गरिबांच्या मुलांकरितां शाळा चालविणाऱ्या शिक्षकांचा एक व्रतस्थ संघ उभारिला. ‘ख्रिस्ती शाळांचे बंधु’ हें त्याचें नांव. या संघाचे सभासद व्रतें घेऊन एकत्र राहतात, एकत्र प्रार्थना करितात. पण धर्मगुरुपदाची दीक्षा घेत नाहींत. मुलांस शिकविणें हेंच त्यांचें जन्मभराचें कार्य. मोठेपणा मिळविण्याच्या वाटा ज्यांनीं आपण होऊन बंद करून घेतल्या, अशा या मंडळींतून विसाव्या शतकांत एक थोर वनस्पतिशास्त्रज्ञ निपजला, ही गोष्ट नवलाची खरीच.

त्यांचें जन्मनांव कॉनराड किरुआक. जन्म ३ एप्रिल १८८५ रोजीं क्वेबेक प्रांतांतील किंग्झी फॉल्स या खेड्यांत झाला. वडील सिरिल किरुआक हे धान्याचे व पिठाचे व्यापारी. आईचें नांव फिलोमेन. मुलगा लहान असतांनाच कुटुंब क्वेबेक शहरीं राहावयास गेलें. तेथें ख्रिस्ती शाळांच्या बंधूंनीं चालविलेल्या विद्यालयांत कॉनराडचें शिक्षण झालें. घरचा व्यापार समोर असतां या मुलानें मात्र आपल्या गुरुजनांची वाट धरली. १९०१ सालीं, वयाच्या सोळाव्या वर्षीं, मॉन्ट्रियलजवळील मेझोन्यव्ह येथें तो नवशिक्षेंत दाखल झाला, आणि तेथें त्यास मारी-व्हिक्टोरिन हें व्रतस्थ नांव मिळालें.

नवशिक्षा संपवून हे तरुण ब्रदर सँ-जेरोम गांवच्या शाळेंत शिकवावयास गेले. पण थोड्याच काळांत त्यांस क्षयाची बाधा झाली आणि तोंडावाटे रक्त पडूं लागलें. त्या काळीं क्षयावर खात्रीचें औषध नव्हतें. विश्रांति घ्यावी व मोकळ्या हवेंत फिरावें, एवढाच उपाय वैद्य सांगत. अठरा-एकोणीस वर्षांचें वय, नुकतेंच कार्याला हात घातलेला, आणि इतक्यांत हातांतील खडू काढून घेतला गेला! ज्यानें कधीं घरांत दीर्घ आजार पाहिला आहे, त्यास या सक्तीच्या रिकामपणाचें दुःख सांगावयास नको. रोगानें खंगलेल्या माणसाच्या मनांत ‘देवानें मला बोलाविलें तें कशासाठीं?’ असा प्रश्न उठतो, आणि त्याचें उत्तर लागलीच मिळत नाहीं.

या रिकामपणांत ब्रदर रानांतून हिंडूं लागले. पायांखालच्या रोपट्यांकडे त्यांचें लक्ष गेलें. हें फूल कोणतें, याचें नांव काय, हें येथेंच कां उगवतें आणि पलीकडच्या टेकडीवर कां नाहीं, असे प्रश्न पडूं लागले. उत्तरें देणारा गुरु जवळ नव्हता. फ्रेंच भाषेंत आधार होता तो प्रोव्हाँशे नांवाच्या धर्मगुरूंनीं १८६२ सालीं लिहिलेल्या कॅनडाच्या वनस्पतींवरील ग्रंथाचा. तो ग्रंथ मोठ्या श्रमाचा खरा, पण चाळीस वर्षांचा जुना, आणि पुष्कळ ठिकाणीं अपुरा. ग्रंथ एक सांगे व रान दुसरेंच दाखवी. जें पुस्तकांत सांपडत नाहीं तें आपण शोधून लिहावें, अशी इच्छा या आजारी शिक्षकाच्या मनांत याच काळीं रुजली. क्षयानें त्यांचा पिच्छा पुढें कधीं पुरता सोडला नाहीं. पण ज्या रोगानें त्यांस शाळेबाहेर काढलें, त्यानेंच त्यांस रानांत नेऊन सोडलें.

१९०५ सालीं त्यांची नेमणूक लाँगेय येथील विद्यालयांत झाली. सेंट लॉरेन्स ही त्या देशाची महानदी. तिच्या एका तीरावर मॉन्ट्रियल व समोरच्या तीरावर लाँगेय. येथें त्यांनीं पंधरा वर्षें मुलांस शिकविलें. १९०६ सालीं विद्यार्थ्यांसाठीं एक मंडळ काढलें, मुलांसाठीं नाटकें लिहिलीं. येथेंच त्यांस ब्रदर रोलाँ-जर्मँ या फ्रान्सहून आलेल्या सहव्रतस्थाचा जन्माचा स्नेह लाभला. शाळेस सुटी झाली कीं दोघे काखेंत पत्र्याची पेटी अडकवून निघत; कधीं पायीं, कधीं आगगाडीनें, कधीं कोळ्यांच्या होडींतून.

या कामाची रीत आपल्या वाचकांस ठाऊक नसेल, म्हणून थोडक्यांत सांगतों. रोप शक्य तर मुळासकट, फुलासह व फळासह उपटावयाचें. तें शोषक कागदांच्या घड्यांत पसरून वर वजन ठेवावयाचें. कागद ओले झाले कीं बदलावयाचे, नाहींतर बुरशी धरते. वाळलेलें रोप जाड कागदावर डकवून त्याच्या कोपऱ्यांत स्थळ, तारीख व गोळा करणाराचें नांव लिहावयाचें. दिसावयास हें मुलांच्या खेळासारखें दिसतें. पण अशीं हजारों पानें जमलीं व एकमेकांशीं ताडून पाहिलीं, म्हणजे कोणती जाति कोठें राहते, कोणती नवी आहे, कोणती नाहींशी होत चालली आहे, हें कळूं लागतें. अशा संग्रहास चूक खपत नाहीं. तारीख खोटी पडली कीं सारें पान व्यर्थ. रोज रात्रीं आपल्या मनाची झडती घेण्याची ज्यांस संवय होती, त्या व्रतस्थांस ही शिस्त परकी वाटली नसावी.

विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापर्यंत त्यांच्या लेखांकडे परदेशींच्या विद्वानांचेंही लक्ष गेलें होतें. अमेरिकेंतील हार्वर्ड विद्यापीठाचे प्रसिद्ध वनस्पतिशास्त्रज्ञ फर्नाल्ड यांच्याशीं त्यांचा पत्रव्यवहार चाले. क्वेबेकजवळ सेंट लॉरेन्स नदीचें पाणी गोडें असूनही त्यास समुद्राप्रमाणें भरती-ओहोटी येते. त्या काठच्या चिखलांत, भरतीच्या वेळीं पाण्याखालीं जाणारें, निळ्या फुलांचें एक लहानसें रोप वाढतें. जगांत अन्यत्र तें कोठेंही नाहीं. फर्नाल्ड यांनीं १९२३ सालीं त्यास नांव दिलें तें या शाळामास्तर ब्रदरांचेंच.

तत्पूर्वीं १९२० सालीं त्यांच्या आयुष्यास मोठें वळण लागलें होतें. मॉन्ट्रियल विद्यापीठांत विज्ञानाची शाखा उघडली आणि वनस्पतिशास्त्राचें अध्यापन ब्रदर मारी-व्हिक्टोरिन यांजकडे आलें. त्यांच्यापाशीं विद्यापीठाची एकही पदवी नव्हती! पदवी नसलेला माणूस पदवीधर घडवूं लागला. १९२२ सालीं क्वेबेकांतील नेच्यांवर प्रबंध लिहून त्यांनीं डॉक्टरची पदवी संपादन केली. त्यांनीं स्थापिलेली वनस्पतिशास्त्राची संस्था लौकरच नांवारूपास आली. तेथें त्यांच्या हाताखालीं झ्यूल ब्रूनेल, झाक रूसो, मार्सेल गोव्रो यांसारखे शिष्य तयार झाले. यांपैकीं मार्सेल गोव्रो या बाई होत्या. त्यांनीं पुढें १९३५ सालीं अगदीं लहान मुलांस निसर्गाची ओळख करून देणारी शाळा काढली.

ब्रदरांच्या मनांत एक शल्य होतें. फ्रेंच बोलणारे क्वेबेकचे लोक बहुतेक कॅथलिक, श्रद्धाळू व कष्टाळू. पण शास्त्रांत त्यांचें नांव क्वचितच ऐकूं येई. त्यांच्या स्वतःच्या नद्या, डोंगर व खाणी यांविषयीं लिहिलेले ग्रंथ बहुधा दुसऱ्यांचे असत. ब्रदरांनीं वर्तमानपत्रांतून व सभांतून बजाविलें कीं, जो समाज आपल्या भूमीस ओळखत नाहीं, तो त्या भूमीचा धनी म्हणवूं शकत नाहीं. १९२३ सालीं शास्त्रीय संस्थांस एकत्र आणणारा संघ स्थापन झाला, त्यांत ते अग्रभागीं होते. ही टीका सर्वांनाच रुचली असें नाहीं. व्रतस्थानें शाळा सोडून असल्या उठाठेवी कां कराव्या, अशी कुजबूज झाली. उत्क्रांतीच्या सिद्धांतावर ते मोकळेपणीं बोलत, त्यानेंही कित्येकांच्या भुंवया चढल्या. ब्रदरांचें मत असें होतें कीं, धर्म व शास्त्र यांस आपापल्या वाटेनें, आपापल्या साधनांनीं जाऊं द्यावें. धर्मग्रंथांतून शास्त्राचीं प्रमेयें काढण्याची खटपट दोहोंसही घातक. ज्यास ईश्वर सत्य आहे अशी खात्री आहे, त्यास सत्याच्या कोणत्याही शोधाचें भय कां असावें? असें बोलणारा मनुष्य अंगीं व्रतस्थाचा झगा घालूनच वर्गांत उभा असे, हें विसरतां कामा नये.

१९२४ पासून १९२८ पर्यंतच्या काळांत ते सेंट लॉरेन्सच्या मुखाकडील आंतिकोस्ती व मिंगन या बेटांवर फिरले. तेथें चुनखडीचे खडक समुद्रानें कोरून त्यांचे मोठमोठे खांब बनविले आहेत. या खडकाळ किनाऱ्यावर १९२४ सालीं त्यांस एक विलक्षण काटेरी झाड आढळलें. आपल्याकडे उत्कटारी म्हणतात त्या काटेरी कुळांतलें तें. त्यांनीं तें नवीन जाति म्हणून प्रसिद्ध केलें आणि त्यास मिंगनचें नांव दिलें. पुढील अभ्यासकांनीं ताडून पाहतां, तें अमेरिका खंडाच्या पश्चिमेकडील पर्वतांत वाढणाऱ्या एका जातींतलेंच निघालें. ब्रदरांनीं दिलेलें स्वतंत्र नांव त्यामुळें मागें पडलें. पण नवल कमी झालें नाहीं, उलट वाढलें. हजारों मैलांवरच्या पर्वतांतील झाड मध्यला सारा मुलूख ओलांडून या चार बेटांवर कसें राहिलें? शास्त्रज्ञाच्या उत्तरांत दुरुस्ती होते, पण त्यानें उभा केलेला प्रश्न पुष्कळदां टिकतो.

तीस वर्षांच्या भटकंतीचें फळ १९३५ सालीं हातीं आलें. त्याच वर्षीं ब्रदरांस पन्नास वर्षें पुरीं झालीं. ‘फ्लोर लॉरेंशियेन’ म्हणजे सेंट लॉरेन्स प्रदेशाच्या वनस्पतींचा ग्रंथ. पृष्ठें ९१७, नकाशे २२ व चित्रें २,८००. चित्रें काढलीं ब्रदर आलेक्झांद्र ब्लुएँ यांनीं. ग्रंथ छापला संघाच्याच छापखान्यानें. ब्रदर रोलाँ-जर्मँ यांचें साहाय्य तर पहिल्यापासून होतेंच. म्हणजे लेखक, चित्रकार, सोबती आणि मुद्रक, सारें बंधूंचें घरचें कार्य! ग्रंथांत प्रत्येक वनस्पतीचें वर्णन आहे, ती ओळखण्याच्या खुणा आहेत. शिवाय खेड्यांतील लोक तिला काय म्हणतात, ती कोणत्या औषधास लागते, मूळचे इंडियन लोक तिचा काय उपयोग करीत, हेंही सांगितलें आहे. म्हणून हा ग्रंथ पंडितांच्या कपाटांत अडकून राहिला नाहीं. शिक्षक, शेतकरी व विद्यार्थी यांनीं तो रानांत नेला. त्याच्या सुधारलेल्या आवृत्त्या पुढें निघाल्या, आणि क्वेबेकमध्यें तो आजही उघडला जातो.

ब्रदरांचें दुसरें स्वप्न म्हणजे मॉन्ट्रियल शहरास एक मोठें वनस्पति-उद्यान असावें. १९२९ सालीं त्यांनीं आफ्रिका व युरोप येथें प्रवास करून तेथील उद्यानें डोळ्यांखालून घातलीं. १९३१ सालीं, कामियाँ ऊद हे महापौर असतांना, उद्यानाची स्थापना झाली. पण तो काळ जगभर मंदीचा होता. पैसा आटला, महापौरांची सत्ता गेली, आणि काम कागदावर राहिलें. दुसरा कोणी असता तर निराश होऊन बसला असता. ब्रदर मात्र लिहीत राहिले, भेटत राहिले, भाषणें देत राहिले. १९४२ सालीं मॉन्ट्रियल शहरास तीनशें वर्षें पूर्ण होणार होतीं. तेव्हां या शहरास जन्मदिनाची भेट म्हणून फुलांचें उद्यान द्या, अशी गळ त्यांनीं महापौरांस घातली. शेवटीं १९३६ सालीं बेकारांस काम देण्याच्या योजनेखालीं उद्यानाचें बांधकाम सुरूं झालें. रिकाम्या पोटीं हिंडणाऱ्या मजुरांच्या हातांस काम मिळालें, आणि शहरास बाग मिळाली. आराखडा हेन्री टॉयशर या जर्मनींत जन्मलेल्या उद्यानतज्ज्ञांचा. आज हें उद्यान ७५ हेक्टर जमिनीवर पसरलें असून जगांतील मोठ्या वनस्पति-उद्यानांत त्याची गणना होते. ज्या मेझोन्यव्ह भागांत सोळा वर्षांच्या कॉनराडनें नवशिक्षा आरंभिली, त्याच भागांत हें उद्यान आहे, आणि त्यांत ब्रदरांचा पुतळा उभा आहे.

मोठीं कामें अंगावर असतां त्यांनीं लहान मुलांस दूर लोटलें नाहीं. १९३१ सालीं होली क्रॉस संघाच्या ब्रदर आद्रियँ यांनीं ‘तरुण निसर्गप्रेमी मंडळें’ काढलीं, त्यांस यांचा भरघोस पाठिंबा होता. शाळाशाळांतून मुलें पानें, फुलें व किडे गोळा करूं लागलीं.

१९३८ नंतर प्रकृतीसाठीं ते हिवाळ्यांत क्यूबा बेटावर जाऊं लागले. तेथेंही विश्रांति ती कसली? त्याच संघाचे ब्रदर लेऑन हे हवाना शहरीं राहून क्यूबाच्या वनस्पतींचा अभ्यास करीत होते. दोघां बंधूंनीं मिळून बेट पालथें घातलें, आणि त्या प्रवासांचा वृत्तांत ग्रंथरूपानें प्रसिद्ध केला. त्याचा शेवटचा खंड ब्रदरांच्या मरणानंतर १९५६ सालीं निघाला.

१५ जुलै १९४४ रोजीं ब्रदर शिष्यांसह ब्लॅक लेकच्या बाजूस वनस्पति गोळा करावयास गेले होते. परततांना वाटेंत मोटारीस अपघात झाला आणि त्यांतच त्यांचा अंत झाला. वय ५९ वर्षांचें. एकोणिसाव्या वर्षीं ज्याच्या जगण्याचा भरंवसा नव्हता, त्यास देवानें आणखी चाळीस वर्षें दिलीं. आणि तीं संपलीं तीही रानांतून घरीं येतांना. मॉन्ट्रियल विद्यापीठांतील वाळलेल्या वनस्पतींचा संग्रह आज त्यांच्या नांवानें ओळखला जातो. त्यांत सहा लक्षांहून अधिक नमुने आहेत.

हें चरित्र वाचून कोणी म्हणेल, तो देश निराळा, ती माणसें निराळीं. तसें नाहीं. आपल्या मुंबईंत सेंट झेवियर कॉलेजमध्यें स्वित्झर्लंडहून आलेले येशूसंघीय फादर ब्लॅटर यांनीं १९३४ सालीं मृत्यु येईपर्यंत याच विद्येची उपासना केली. तेथील वनस्पतिसंग्रहास त्यांचेंच नांव आहे. त्यांच्यामागून स्पेनचे फादर सांतापाव यांनीं खंडाळ्याचे डोंगर पायांखालीं घालून तेथील वनस्पतींवर ग्रंथ लिहिला, तो १९५३ सालीं प्रसिद्ध झाला. दूर देशींच्या माणसांनीं येऊन आमच्या डोंगरांतील फुलें मोजलीं, याबद्दल आम्ही त्यांचे ऋणी आहों. पण ब्रदर मारी-व्हिक्टोरिन यांनीं आपल्या लोकांस विचारलेला प्रश्न मग आम्हांसही लागू पडतो.

पहिला पाऊस पडला कीं देवळाच्या आवारांत आपोआप टाकळा उगवतो. कुंपणाला आघाडा असतो, बांधावर कुर्डू असतो, आणि श्रावणांत तेरडा फुलतो. कोणता पाला भाजीस चालतो व कोणता जखमेवर लावावा, हें आमच्या आजीस ठाऊक होतें. आमच्या नातवंडांस त्यांतलें एक तरी नांव येतें काय? प्रभु येशूनें शिष्यांस रानांतील फुलांकडे लक्ष देऊन पाहावयास सांगितलें. तें वचन आपण कितीदां ऐकलें आहे. पण देवळांतून बाहेर पडल्यावर खालीं वांकून पाहणारे किती?

ज्या ब्रदरांनीं तें वचन अक्षरशः पाळलें, त्यांचें स्मरण या महोत्सवांत आपण करूं या. आणि त्यांच्याबरोबर, आपल्या मुलांस अक्षरओळख करून देऊन निमूटपणें निघून गेलेल्या सर्व ब्रदरांचें व सिस्टरांचेंही. पुढल्या पावसांत एखादें मूल हातांत रोपटें घेऊन “याला काय म्हणतात?” असें विचारीत आलें, तर त्यास ‘फेकून दे’ असें सांगूं नये. ठाऊक असेल तर नांव सांगावें. नसेल तर त्याच्यासह शोधावयास निघावें.